मानपत्रात न मावणारी माणसे

सरकारी नोकरीत निवृत्तीची तारीख माणूस कामावर रुजू होतो त्याच दिवशी ठरून जाते. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिली की पुढचा हिशेब आपोआप होतो. मग ठरल्या दिवशी शाल-श्रीफळ, हार, चार भाषणे, बटाटेवडा आणि चहा. दुसऱ्या दिवसापासून साहेब साहेब राहत नाहीत आणि कारकून कारकून राहत नाही. यात वाईट काही नाही. काम संपते, माणूस मोकळा होतो.

परंतु काही कामे अशी आहेत की त्यांना ही तारीख लागू पडत नाही. आईपणाला ती नाही, शेतकऱ्याला नाही आणि मला वाटते, धर्मगुरूलाही नाही.

मराठीतले प्रॉटेस्टंट बंधू आपल्या धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात. आम्ही कॅथलिक बोलताना ‘फादर’ म्हणतो आणि लिहिताना ‘धर्मगुरू’. मला मात्र ‘पाळक’ हा शब्द फार आवडतो. गुरू म्हटले की आसन आले, उंची आली. पाळकाला मेंढरांच्या मागून उन्हातान्हात चालावे लागते. कुठले मेंढरू लंगडते आणि कुठले मागे राहिले, हे त्याला ठाऊक असावे लागते. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, सोबत राहूनच मिळते.

आता पाळकालाही निवृत्ती आहे, हे खरे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की आपल्या बिशपांकडे राजीनामा द्यावा, अशी अपेक्षा असते. तो केव्हा स्वीकारायचा ते बिशप ठरवतात. खुद्द बिशपांनाही तसाच नियम आहे. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस पंचाहत्तरीनंतरही पाच वर्षे काम पाहत राहिले आणि ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, २५ जानेवारी २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांची निवृत्ती स्वीकारली. पण निवृत्ती होते ती पदापुरती. दीक्षा आयुष्यभराची असते. पद सोडलेला धर्मगुरू दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मिस्सा करतोच.

हे सारे आज लिहावेसे वाटले, त्याला एक कारण घडले. बोरिवलीत आमच्या भागातले एक वृद्ध फादर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात एक मानपत्र मराठीतून द्यावे, असे आम्हां मराठी बोलणाऱ्या मंडळींच्या मनात आले आणि मी मराठी शिकवते म्हणून ते काम माझ्याकडे आले. एका रविवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीसजण जमलो. मी वही उघडून बसले आणि विचारले, “फादरांविषयी काय काय लिहायचे?”

पहिली दहा मिनिटे विशेषणांचीच झाली. कुणी म्हणाले थोर, कुणी म्हणाले प्रेमळ, कुणी त्यागमूर्ती. मग मागे बसलेली एक म्हातारी उठली. ही मूळची गोराईची, आता लेकीकडे बोरिवलीत असते. ती म्हणाली, “बाई, ते सगळं लिव. पन माझा घरवाला गेला तवा कोरोना होता. वीस मान्सांची परवानगी, आनि आली फक्त चार. पोरगा दुबईला. फादर म्हातारे, तेंना घराभाईर पडू नको सांगितलेलं. तरी आले. खड्ड्याच्या कडेला शेवटपर्यंत उभे व्हते. घाई नाय केली. तेवढं लिव.”

मग एकेकाचे तोंड उघडले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक हिंदू शेजारी होते. त्यांचा मुलगा दारूच्या नादी लागला होता. चर्चच्या एका खोलीत दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा भरते, तिथे त्याला पहिल्यांदा घेऊन गेले ते फादर. धर्म विचारला नाही, काही शिकवायला बसले नाहीत. नुसते शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. घरकाम करणारी एक बाई म्हणाली, मराठी मिस्सेला कधी कधी आम्ही दहाबाराच माणसे असायचो, पण फादरांनी प्रवचन कधी आखडते घेतले नाही. इंग्रजी मिस्सेला पाचशे माणसे असताना जेवढी तयारी, तेवढीच आमच्यासाठी.

मी लिहीत गेले. पाने भरली. मानपत्र एका पानाचे असते. त्यात ‘सुमारे पन्नास वर्षे अखंड सेवा’ एवढे मावते. स्मशानात न केलेली घाई मावत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मला आमच्या वसईची आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची फार आठवण झाली.

माझे माहेर वसईचे. आमची वाडी, म्हणजे केळी, थोडी पानवेल, मोगरा आणि घरापुरती भाजी. आजी पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरला जाई. पुढे मी कॉलेजसाठी अंधेरीला येऊ लागले, तेव्हा त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात पुस्तके घेऊन बसत असे. वसई त्या वेळी मुंबईच्याच धर्मप्रांतात होती. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्यामुळे बोरिवली-अंधेरीचे ख्रिस्ती आणि वसईचे ख्रिस्ती हे एकाच घरातल्या दोन खोल्यांसारखे होते. मधे खाडी तेवढी होती.

फादर दिब्रिटो वसईतल्याच नंदाखालचे. १९७२ साली त्यांना दीक्षा मिळाली. १९८३ साली ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि २००७ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, ते त्यांनी सांभाळले. आमच्या घरी ‘सुवार्ता’ येई. पूर्वी अशा मासिकात काय असायचे ते साऱ्यांना ठाऊक आहे: संतांची चरित्रे, सणांचे वेळापत्रक, बिशपांचे पत्र. हळूहळू त्यात पाणी आले, जमीन आली, झाडे आली, बाहेरच्या मराठी लेखकांची नावे आली. माझे वडील आधी शेवटचे पान बघत, ते आता पहिल्या पानापासून वाचू लागले.

तो काळ वसईला कठीण होता. मुंबईला जागा पुरेना, म्हणून उपनगरे उत्तरेकडे पसरत होती. दहिसरच्या खाडीपलीकडे मीरा रोड-भाईंदर, त्यापुढे नालासोपारा आणि विरार. १९८८ च्या सुमारास सरकारी निर्णयाने वसईच्या हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या. इमारती उभ्या राहिल्या, नळ मात्र आले नाहीत. मग पाणी कुठून आणायचे? वसईच्या बागायती विहिरींतून. दिवसरात्र टँकर फिरू लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे पाणी आत सरकते. एका वाडीतला पंप रात्रभर चालला की शेजारच्या वाडीतले पाणी मचूळ लागे. बावखले, म्हणजे आमच्याकडची वाडीतली जुनी तळी, बुजवून त्यांवर भराव पडू लागला.

एका टँकरवाल्याचा माणूस आमच्याकडेही आला. त्याने सांगितलेली रक्कम केळीच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून जास्त होती आणि ती महिन्याच्या महिन्याला मिळणार होती. माझ्या कॉलेजची फी, धाकट्या भावाची शाळा, आजीचे डोळ्यांचे ऑपरेशन. वडिलांनी त्याला नाही म्हटले नाही. “रविवारनंतर सांगतो,” म्हणाले.

ते चार दिवस मला अजून आठवतात. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते. आई एकदाच म्हणाली, “शेजारच्यांनी दिलंच आहे, मग आपलं पाणी तरी कुठे राहणार?” तिचे म्हणणे चूक नव्हते. पाणी जमिनीखाली कुंपण पाळत नाही.

त्याच सुमारास फादर दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने गावोगाव बोलत होते. पाण्याचा उपसा, बेकायदा बांधकाम आणि त्यामागची दहशत, या तिन्हींविरुद्ध हे आंदोलन होते. त्यात सगळ्या धर्मांची माणसे होती. त्या दिवसांत वसईत काही नावे मोठ्याने घेण्याचीही लोकांना भीती वाटे. अशा वेळी पांढरा झगा घालणारा माणूस रस्त्यावर उतरला, याचे मोल आज दूर बसून कळायचे नाही. धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, मोर्चात कशाला, असे म्हणणारे आमच्यातही होते. फादर काय म्हणाले हे मला शब्दश: सांगता येणार नाही, आणि आठवणीतून कुणाच्या तोंडी शब्द घालू नयेत. पण वडिलांनी त्यातून काय घेतले ते मला माहीत आहे. रविवारी मिस्सेहून आल्यावर ते विहिरीपाशी जाऊन उभे राहिले आणि मग आईला म्हणाले, “विहीर आपल्या आवारात आहे, पण पाणी आपलं एकट्याचं नाही.” टँकर आमच्या वाडीत आला नाही. माझी फी आजीच्या दोन बांगड्यांतून भरली गेली.

मला या गोष्टीचे कौतुक सांगायचे नाही. आमच्यासारख्या शेकडो घरांनी तेच केले असेल आणि शेकडो घरांनी नाइलाजाने उलटही केले. आंदोलनाने सारी वसई वाचली, असेही नाही. आज विरार गाडीतून डाव्या-उजव्या हाताला पाहणाऱ्याला ते दिसतेच. पण पश्चिम किनाऱ्याकडच्या गावांतून आजही जी झाडी उरली आहे, तिच्यामागे कुणीतरी त्या वेळी ‘थांबा’ म्हटले होते, एवढे निश्चित.

पाळक म्हणजे काय, हे मला त्या चार दिवसांत कळले. त्याने आमच्या घरी येऊन काही आज्ञा केली नाही. आमची अडचण काय आहे, ती प्रार्थनेइतकीच गंभीर मानून त्याने ती सगळ्यांसमोर मांडली, आणि निर्णय आमच्यावर सोपवला.

फादरांचे दुसरे मोठे काम भाषेचे. ख्रिस्ती माणसाच्या मराठीला लांब परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी बायबल मराठीत आणण्याचा आरंभ केला. पंडिता रमाबाईंनी मुळातल्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. तरीही सामान्य मराठी वाचकाला बायबलची भाषा परकी, अडखळणारी वाटत आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. ती ऐकणाऱ्याला आपल्याच घरातली वाटावी, हे काम मात्र कायद्याने होत नाही. फादर दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ त्यासाठी होते. आजच्या साध्या, वाहत्या मराठीत त्यांनी तो ग्रंथ मांडला. त्यांच्या लेखनात ज्ञानोबा-तुकोबा पाहुण्यासारखे येत नसत, घरच्यासारखे येत. ख्रिस्ती असणे आणि मराठी असणे यांत त्यांना कधी सांधा दिसलाच नाही.

उपनगरांतल्या आम्हां मंडळींना ही गोष्ट विशेष लागते. साष्टी बेटावरची जुनी ख्रिस्ती गावे मराठी बोलणारी. मरोळ, चकाला, कुर्ला, गोराई, मनोरी: इथल्या ईस्ट इंडियन घरांतून लग्नाची गाणी मराठीच्या बोलीत म्हटली जात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पुढे शाळा आणि नोकरी इंग्रजीची झाली, आणि आता कित्येक घरांत आजी मराठीत बोलते नि नातू इंग्रजीत उत्तर देतो. यात कुणाचा दोष काढायचा? पण म्हणूनच दहाबारा माणसांसाठी मराठी प्रवचनाची पूर्ण तयारी करणारे आमचे बोरिवलीचे फादर मला फादर दिब्रिटोंच्याच जातकुळीतले वाटतात. एकाचे नाव वर्तमानपत्रांत आले, दुसऱ्याचे येणार नाही, एवढाच फरक.

२००७ साली फादर दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ सोडली. एखाद्याला वाटेल, चोवीस वर्षे झाली, आता विश्रांती. पण त्यानंतरही त्यांचे लिहिणे-बोलणे चालूच राहिले. इस्रायल-पॅलेस्टाईन प्रश्नावर ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’, ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र, शिवाय लेख आणि व्याख्याने. मला इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. त्यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला. आणि सुरू केला तो ‘देवाचा दरबार’. १९१९ साली ते वारले. हातात दोनच वर्षे होती. तरी टिळकांचे मोठेपण त्या दोन वर्षांत अधिक स्पष्ट दिसते, कारण तेव्हा त्यांच्याजवळ पद नव्हते. पद गेल्यावर जे उरते, ते खरे पाळकपण.

२०१९ साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटोंची निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. विरोधही झाला, धमकीचे फोनही आले. जानेवारी २०२० मध्ये संमेलन भरले तेव्हा त्यांची प्रकृती साथ देत नव्हती. पाठीच्या दुखण्याने त्यांना उभे राहणेही अवघड होते. तरी गोरोबाकाकांच्या तेर गावच्या त्या जिल्ह्यात, आजच्या धाराशिवात, ते गेले आणि अध्यक्षपदावरून बोलले. आमच्या घरी सगळे दूरदर्शन संचासमोर बसले होते. वडील तेव्हा नव्हते. आई मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “थकले गं फादर.” त्या वेळी त्यांच्या विद्वत्तेचे, सन्मानाचे तिला काही नव्हते. आपल्या घरातले कुणी थकलेले दिसावे, तसे तिला झाले होते. मला वाटते, कुठल्याही पाळकाला याहून मोठे मानपत्र मिळत नसावे.

२५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो गेले. भर पावसाचे दिवस होते. वसईत त्या दिवसांत बावखले काठोकाठ भरलेली असतात. जी उरली आहेत ती.

अशा माणसांचा गौरव कसा करावा, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. शाल द्यावी, जरूर द्यावी. म्हातारपणी ऊब लागतेच. भाषणेही व्हावीत. पण आपल्याकडे गौरव म्हणजे माणसाला उंच चौथऱ्यावर बसवून मोकळे होणे, अशी एक सवय आहे. चौथऱ्यावर बसलेल्याला नमस्कार करता येतो, त्याचे काम मात्र खाली पडून राहते. दहाबारा माणसांची मराठी मिस्सा पुढे कोण चालवणार? दारू सोडू पाहणाऱ्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार? उरलेल्या बावखलांत भराव पडू लागला तर ‘थांबा’ कोण म्हणणार? ही कामे करायला दीक्षा लागत नाही. ती कुणालाही करता येतात, आणि म्हणूनच ती टाळण्याची सबब कुणालाच नाही.

अंधेरीच्या सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट या जुन्या चर्चचे भग्न अवशेष आहेत. १५७९ साली ते बांधले गेले. १८४० साली साथीच्या रोगामुळे लोकांनी ती जागा सोडली आणि ते मरोळला जाऊन राहिले. छप्पर गेले, भिंतींवर झाडे उगवली. पण धर्मग्राम संपला नाही; तो माणसांबरोबर मरोळला चालत गेला. त्या माणसांबरोबर त्यांचा पाळकही गेलाच असणार. त्याचे नाव कुणाच्या तोंडी नाही. बहुतेक पाळकांचे असेच होते.

म्हणून विद्यार्थीमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. तुमच्या गल्लीत, गावठाणात, चाळीत असा एखादा माणूस असेल. तो फादर असेल, मशिदीतला मौलवी असेल, एखादा कीर्तनकार असेल किंवा धर्माशी काही संबंध नसलेली एखादी शाळामास्तरीण असेल. त्याच्या निरोपसमारंभाची वाट पाहू नका. आज वही घेऊन जा, आणि त्याने काय केले ते ज्यांच्यासाठी केले त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. विशेषणे लिहू नका. कोण, कुठे, कधी, काय, एवढेच लिहा. आणि लिहिताना त्यातले एखादे काम आपल्याला जमण्यासारखे वाटले, तर ते उद्यापासून करायला लागा.